पेटी येईल, पण स्पेक्ट्रम कोण देणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरड कोसळलेल्या जागी जेसीबी उशिरा पोहोचला की त्याची बातमी होते. वर गेलेल्या पथकाला किती स्ट्रेचर हवेत, किती जखमी खाली येत आहेत, हे कळवायला माणूस पळवावा लागतो, याची होत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांची वीज आणि मोबाइल दोन्ही अनेक दिवस गेले. दोन्ही ठिकाणी गरज एकच होती: पाठीवरून नेता येईल आणि बाहेरच्या कोणत्याही टॉवरवर अवलंबून नसेल असे छोटे मोबाइल जाळे.

अशी जाळी आता एका-दोन पेट्यांत मिळतात. पुरवठादार ती सरकारी कचेऱ्यांत मांडून दाखवतात, अर्ध्या तासात व्हिडिओ कॉल लावून देतात आणि बघणारा भारावून जातो. आम्ही दूरसंचारात काम करणारे अभियंते आहोत, पेट्या विकत नाही. खरेदीच्या फायली पुढे सरकण्याआधी एक सांगायचे आहे: यात सर्वांत सोपी गोष्ट पेटी आहे. स्पेक्ट्रमची (जाळे ज्या रेडिओ फ्रिक्वेन्सींवर चालते त्या पट्ट्याची) परवानगी, सिम, वीज आणि ते चालवणारी माणसे ही चार कामे आपत्तीच्या आधी झाली नसतील, तर पेटी तहसील कार्यालयाच्या गोदामात धूळ खाईल.

आधी नेहमीचे टॉवर का पडतात ते पाहू. वाऱ्याने टॉवर उन्मळणे तसे क्वचितच घडते. बहुतेक वेळा वीज जाते, बॅटरी काही तासांत संपते, डिझेल घेऊन येणारी गाडी रस्ता बंद म्हणून अडकते. रस्त्याकडेने गेलेली फायबर दरडीबरोबर तुटते. पुरात जमिनीलगतचे जनरेटर आणि बॅटरीचे कपाट पाण्याखाली जाते. अशा वेळी दूरसंचार विभाग इंट्रा-सर्कल रोमिंग सुरू करायला लावतो, म्हणजे एका कंपनीचा टॉवर बंद असेल तर तिचे ग्राहक दुसरीच्या टॉवरवर चालतात. सोय उत्तम, पण एक तरी टॉवर जिवंत असेल तरच. सह्याद्रीच्या खोबणीत आधीच एखाद्याच कंपनीची अर्धी काडी मिळते. तिथे रोमिंग करायला शिल्लक काहीच राहत नाही.

पेटीत काय असते? बेसबँड आणि कोअर, म्हणजे कोणता फोन आपला, त्याला कुठे जोडायचे, हे ठरवणारा छोटा संगणक. एक रेडिओ, साधारण दोन अँटेनांवर प्रत्येकी ५ वॉट देणारा. अँटेना, आठ-दहा मीटरचा घडीचा मास्ट (अँटेना उंच धरणारा खांब), वेळ जुळवायला जीपीएसची छोटी अँटेना, उपग्रहाचे टर्मिनल, बॅटरी आणि सिमची थप्पी. आणीबाणीसाठी आमचे मत स्पष्टपणे ४जीच्या बाजूने आहे. ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारे ५जी, कारखान्यात शोभते. चाकणच्या महिंद्रच्या कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्रने २०२२ मध्ये खासगी ५जी उभारले, तिथे यंत्रे आणि फोन आधीच ठरलेले असतात. डोंगरावर आलेल्या पथकाच्या हातात कोणता फोन असेल ते सांगता येत नाही, आणि अनोळखी स्टँडअलोन जाळ्यावर चढायला बरेच फोन तयार नसतात.

रेडिओची ताकद हा पुरवठादारांचा आवडता आकडा. ५ ऐवजी २० वॉट घ्या, दुप्पट लांब जाईल, असे सांगतात. जात नाही. मास्टकडून फोनकडे जाणारा आवाज मोठा झाला तरी फोनकडून मास्टकडे येणारा तेवढाच राहतो, कारण हातातला ४जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉट देतो. म्हणून पैसे वॉटवर न घालता उंचीवर आणि चांगल्या अँटेनावर घालावेत. रेडिओ खाली ठेवून केबलने अँटेना वर नेण्याची सोय तर टाळावीच. एलएमआर-४०० जातीच्या दहा मीटर केबलमध्ये अडीच गिगाहर्ट्झला सव्वादोन डेसिबल जातात. ५ वॉटचे अँटेनापाशी ३ उरतात, आणि फोनकडून येणारा आधीच क्षीण सिग्नलही तेवढाच कापला जातो. रेडिओ मास्टवर, अँटेनाच्या पाठीशी बांधावा आणि खाली फक्त वीज आणि डेटाची वायर यावी.

फ्रिक्वेन्सीचेही तसेच. तेवढ्याच अंतरावर, तशाच अँटेनांनी, ३५०० मेगाहर्ट्झचा सिग्नल ७०० च्या तुलनेत १४ डेसिबल कमी पोहोचतो, म्हणजे पंचविसावा हिस्सा. हे मोकळ्या माळावरचे गणित. जुलैतल्या ओल्या रानातून आणि डोंगराच्या कडेवरून वळताना तफावत आणखी वाढते. मोकळ्या जागी दहा मीटरच्या मास्टवरून दोन-तीन किलोमीटर मिळतील. एका सोंडेपलीकडच्या घळीत तीनशे मीटरवरही मिळणार नाहीत. मास्ट दरडीच्या पायथ्याशी, जिथे सगळे जमलेले असतात तिथे, उभा करण्याचा मोह होतो. तो समोरच्या सोंडेवर उभा करावा, जिथून ढिगारा आणि खालचा रस्ता दोन्ही दिसतात आणि वरून पुन्हा माती आली तर मास्ट वाचतो. भिजलेल्या मातीत ताणदोरांच्या खुंट्या टिकत नाहीत, रात्रीतून उपटतात. दोर झाडाला किंवा कातळाला बांधावेत. प्रत्येक जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप, वरून साधी चिकटपट्टी, आणि केबल जोडाकडे जाण्याआधी खाली झुकलेला वळसा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. कोकणात जाळे बंद पडण्याचे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत नेहमीचे कारण जोडात शिरलेले पाणी हेच असते.

विजेचा हिशेब निविदेत कधीच नीट नसतो. रेडिओ, कोअर आणि उपग्रहाचे टर्मिनल मिळून सुमारे २२० वॉट धरा. दिवसाला सव्वापाच युनिट झाले. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी सुमारे पाच युनिटांची. ऐंशी टक्के वापरली तर साडेअठरा तास चालेल. पण ती एकसंध घेतली तर वजन चाळीस-पंचेचाळीस किलो. ती इर्शाळगडाच्या वाटेवर कोण चढवणार? १२ व्होल्टच्या चार घ्याव्यात, प्रत्येकी अकरा-बारा किलो, चौघांच्या पाठीवर, आणि वर जाऊन सिरीजमध्ये जोडाव्यात. बॅटरीतली बीएमएस (बॅटरीची राखण करणारे सर्किट) सिरीज जोडणीला चालते का ते खरेदीआधी लेखी घ्यावे, आणि चारही बॅटऱ्या सारख्या भरलेल्या ठेवाव्यात. एक अर्धी असली की तीच आधी कापते आणि उरलेल्या तीन भरलेल्या असूनही जाळे पडते. सोबत १ केव्हीएचा इन्व्हर्टर-जनरेटर, वजन तेरा-चौदा किलो. तो रोज आठ-नऊ तास चालवला तर जाळेही चालते आणि बॅटरीही भरते. पेट्रोल चार-पाच लिटर. सौर पॅनल जुलैत कोकणात नेणाऱ्यांना आमची विनंती आहे, त्या ओझ्याऐवजी पेट्रोलचा आणखी एक डबा न्या.

आता कोअर कुठे असावा, हा प्रश्न. काही स्वस्त संचांत डोंगरावर फक्त रेडिओ जातो आणि कोअर पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये राहतो, मधे उपग्रह. हे घेऊ नये. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतो, सिग्नल जाऊन यायला सहाशे मिलिसेकंद लागतात, आणि मुसळधार पावसाच्या सरीत केयू बँडचा (उपग्रहासाठी वापरल्या जाणाऱ्या एका फ्रिक्वेन्सी पट्ट्याचा) दुवा काही मिनिटे सरळ तुटतो. कोअर दूर असेल तर त्या काही मिनिटांत ढिगाऱ्यावरचे दोन जवानही एकमेकांशी बोलू शकत नाहीत, जरी त्यांच्यात शंभर पावलांचे अंतर असले तरी. कोअर आणि बोलण्याचा सर्व्हर दोन्ही वरच्या पेटीतच हवेत. उपग्रह फक्त खाली नियंत्रण कक्षाशी बोलण्यासाठी. एका कॉलला सगळ्या आवरणांसह दोन्ही दिशांना चाळीसेक किलोबिट धरले तर पन्नास कॉलना दोन मेगाबिट पुरतात. तेवढ्यात ड्रोनचे थेट चित्रण पाठवायचा हट्ट केला की बोलणे अडखळते. चित्रण पेटीतच साठवून सावकाश पाठवावे.

चित्रणावरून आणखी एक. टीडीडी पद्धतीच्या जाळ्यात वरचा (फोनकडून मास्टकडे) आणि खालचा (मास्टकडून फोनकडे) प्रवाह एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने चालतो. कंपन्यांचे जाळे लोकांनी व्हिडिओ पाहावेत यासाठी खालच्या प्रवाहाला जास्त वेळ देते. बचावपथकाला वर पाठवायचे जास्त असते. तेव्हा पेटीत वेळेची ही विभागणी बदलण्याची इच्छा होते. शेजारच्या पट्ट्यात एखाद्या कंपनीचा टॉवर सुरू असेल तर हे करू नये; तुमचा रेडिओ बोलत असताना त्यांचा ऐकत असतो आणि दोघेही बहिरे होतात. घड्याळही दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेले हवे, म्हणून ती जीपीएसची छोटी अँटेना. खोल घळीत आकाश कमी दिसते. जागेचे अक्षांश-रेखांश आधी मोकळ्या जागी नीट घेऊन स्थिर केले तर वेळेपुरता एक उपग्रहही पुरतो. हे करण्याची सोय पेटीत असते, पण प्रशिक्षणात कुणी दाखवत नाही.

सिमकडे वळू, कारण प्रत्यक्षात घोळ इथेच जास्त होतो. प्रत्येक सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तीच कोअरच्या यादीत असावी लागते. जिल्ह्याकडे दोन पेट्या असतील तर दोन्हींत सगळ्या सिमची यादी हवी, नाहीतर एक पेटी बिघडली की तिची शंभर सिम कचऱ्यात. ई-सिमच्या भानगडीत पडू नये; ती उतरवायला इंटरनेट लागते, आणि इंटरनेट नाही म्हणूनच तर आपण डोंगरावर आलो. फोनच्या दुसऱ्या खाचेत सिम घातल्यावर एपीएन (डेटा कोणत्या जाळ्यातून जायचा ते सांगणारे नाव) हाताने भरावा लागतो, काही फोनमध्ये डेटा रोमिंग चालू करावे लागते. एवढे करूनही पुष्कळ फोनवर चार काड्या दिसतात आणि कॉल लागत नाही. कारण फोन बनवणारे फक्त ओळखीच्या कंपन्यांच्या जाळ्यावर व्होल्टी (४जीवरून बोलण्याची सोय) चालू ठेवतात. अनोळखी जाळ्यावर डेटा देतात, बोलणे देत नाहीत. यावर खात्रीचा उपाय म्हणजे बाजूला बोलण्याचे बटण असलेले वीस-तीस मजबूत फोन पेटीबरोबरच घ्यायचे, त्यांत पुश-टू-टॉकचे (बटण दाबून बोलण्याचे) ॲप आधीच बसवायचे आणि पथकाला ते वाटायचे. वॉकीटॉकीची सवय असलेल्या जवानाला ते लगेच जमते. पोलिसांचा व्हीएचएफ वायरलेस मात्र यामुळे बाद होत नाही. पहिल्या तासात तोच चालतो, मोबाइल जाळे त्यानंतरचे.

गोदामात सहा महिने पडलेली पेटी उघडल्यावर जे दिसते तेही लिहून ठेवतो. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते, ॲप जोडायला नकार देते. आतल्या घड्याळाची बटणबॅटरी गेलेली असते, तारीख चुकते, परिणाम तोच. सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना कंपनीच्या सर्व्हरला विचारून सुरू होणारा असतो. इंटरनेट नाही म्हणून तो विचारू शकत नाही आणि रेडिओ चालूच होत नाही. यांतले काहीही प्रदर्शनात दिसत नाही, कारण प्रदर्शनात वायफाय असते.

११२ चा धोका वेगळाच. खासगी जाळे सार्वजनिक जाळ्याला जोडलेले नसते. गावकऱ्याच्या फोनला स्वतःच्या कंपनीचा सिग्नल नसेल तर संकटकाळी तो जो सापडेल त्या टॉवरवरून ११२ लावू पाहतो. तो टॉवर आपला असेल आणि कॉल कुठेच जात नसेल, तर आपण मदतीला जाऊन त्याची वाट अडवली असे होईल. जाळे आणीबाणीचे कॉल घेत नाही असे त्याने प्रसारित केले पाहिजे, किंवा असे कॉल जागेवरच्या नियंत्रण कक्षात वाजले पाहिजेत. ही एका ओळीची मांडणी आहे, पण ती तपासल्याशिवाय पेटी चालू करू नये. गावकऱ्यांसाठी निवारा केंद्रात उपग्रहाच्या दुव्यावर साधे वायफाय ठेवावे. एअरटेल आणि जिओ यांनी २०१९-२० मध्येच वायफायवरून कॉलची सोय सुरू केली. फोनमध्ये ती चालू असेल तर माणूस स्वतःच्या नंबरवरून घरी बोलू शकतो. अधिकाऱ्यांचे फोन वाजत आहेत आणि आपले नाहीत, हे दृश्य निवाऱ्यातल्या लोकांना सहन होत नाही, आणि का व्हावे?

तात्पुरत्या कामांच्या जागी, बोगद्यांत, धरणांवर, हेच तंत्र वेगळ्या पद्धतीने लागते. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा घ्या; त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. अशा ठिकाणी मास्ट निरुपयोगी, भिंतीलगत सिग्नल गळत जाणारी लीकी फीडर केबल लागते, आणि आत जीपीएस पोहोचत नसल्याने वेळ तोंडापासून फायबरवरून आत न्यावी लागते. सुरुंगाचे काम असेल तिथे ब्लास्टिंगच्या जबाबदार माणसाने लेखी होकार दिल्याशिवाय कोणताही रेडिओ चालू करू नये. कंत्राटदारांकडे पैसा असतो, कामाचा काळ वर्षांचा असतो. त्यांना कंपनीकडून जाळे भाड्याने घेता येते. आमची चिंता त्यांची नाही.

चिंता कायद्याच्या बाजूची आहे. जिल्हाधिकाऱ्यांना आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५० खाली तातडीने, निविदेशिवाय खरेदी करता येते. पण त्या कलमाने स्पेक्ट्रम मिळत नाही. परवान्याविना रेडिओ चालू करणे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये बंदिस्त (फक्त स्वतःच्या वापराच्या) खासगी जाळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात कंपनीने आपल्या स्पेक्ट्रमवर जाळे उभारून देणे, कंपनीकडून स्पेक्ट्रम भाड्याने घेणे आणि विभागाकडून थेट घेणे, अशा वाटा होत्या. थेट वाटेवर विसंबून पावसाळा काढता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१९ पासून ऑफकॉम ही दूरसंचार नियामक संस्था ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका छोट्या जागेसाठी १० मेगाहर्ट्झ वर्षाला ८० पौंडांत देते, जर्मनीत ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ असाच स्थानिक वापरासाठी ठेवला आहे. आपल्याकडे तसे होईपर्यंत राज्याने दोन गोष्टी कराव्यात.

पहिली या वर्षीच होण्याजोगी. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने बीएसएनएलशी, किंवा तयार असेल त्या कंपनीशी, कायमचा करार करावा: रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगरी तालुक्यांत, जिल्हाधिकाऱ्यांच्या एका संदेशावर, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर ही पेटी चालेल. बीएसएनएलकडे ७०० मेगाहर्ट्झ आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून तिचे ४जी देशी बनावटीच्या यंत्रणेवर चालते, त्यामुळे पेटी तिच्या जाळ्याशी जुळवणे परदेशी माल आणण्यापेक्षा सोपे जावे. दुसरी गोष्ट केंद्राकडे मागायची. दूरसंचार कायदा, २०२३ च्या पहिल्या अनुसूचीत लिलावाशिवाय स्पेक्ट्रम देण्याच्या कारणांत आपत्ती व्यवस्थापन आहे. रेल्वेला २०२१ मध्ये ७०० च्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ मिळाले. तेवढेच राज्यांच्या आपत्ती यंत्रणांना मागण्यात काही गैर नाही. नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. गर्दीत सार्वजनिक जाळे गुदमरते तेव्हा पोलीस आणि रुग्णवाहिकांचे वेगळे जाळे वेगळ्या स्पेक्ट्रमवर असेल तरच वाचेल, त्यामुळे मागणीला निमित्तही आहे.

पेट्या कुठे ठेवायच्या? मुंबईत नकोत. महाड, चिपळूण आणि पाटण. जुलै २०२१ मध्ये तळीये आणि पाटण तालुक्यातल्या दरडी एकाच वेळी कोसळल्या आणि घाट बंद झाले, तेव्हा एका जागी ठेवलेली पेटी दुसरीकडे पोहोचलीच नसती. प्रत्येक ठिकाणी पोलीस वायरलेसचे दोन आणि तहसीलचा एक असे तिघे शिकवलेले असावेत. बदली झाली की नवा माणूस महिन्याभरात तयार व्हावा.

खरेदी करायचीच असेल तर निविदेत स्वीकृतीची चाचणी अशी लिहावी. पेटी सहा महिने बंद ठेवून उघडायची. इंटरनेट नाही, पुरवठादाराचा माणूस नाही. आपले तिघे ती एखाद्या गडाच्या वाटेने दोन किलोमीटर चढवतील, बॅटऱ्यांना आणखी चौघे. वर पोहोचल्यापासून ४५ मिनिटांत वीस फोन एकमेकांशी बोलले पाहिजेत. मग उपग्रहाची केबल काढायची आणि बोलणे चालूच राहिले पाहिजे. चाचणी एप्रिलमध्ये नको, जुलैत, पावसात घ्यावी, आणि त्यात उतरल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आपले नम्र,
दूरसंचार क्षेत्रातले काही अभियंते, पुणे